अंगविच्छेदाकडून अंगरक्षणाकडे : मृदू ऊतींच्या सार्कोमावरील किरणोपचाराच्या फलिताचा इतिहास

प्रास्ताविक

वैद्यकाच्या इतिहासात एखाद्या उपचाराचे यश मोजण्याची रीत सहसा सरळ असते. उपचार घेतलेल्यांपैकी किती जगले आणि न घेतलेल्यांपैकी किती जगले, हे दोन आकडे शेजारी मांडले की निवाडा होतो. मृदू ऊतींच्या सार्कोमावरील किरणोपचाराचा इतिहास मात्र या रीतीत बसत नाही. शतकाहून अधिक काळ किरणांचा वापर होऊनही हातापायांच्या सार्कोमात किरणोपचाराने रुग्णाचे आयुष्य वाढते, असे एकाही यादृच्छिक चाचणीत सिद्ध झालेले नाही. तरीही या रोगाच्या उपचारात किरणोपचाराइतका मोठा पालट दुसऱ्या कशाने क्वचितच घडविला असेल. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मांडीच्या स्नायूत अशी मोठी गाठ निघाली, तर पाय खुब्यापासून कापणे हाच शल्यविशारदाचा प्रामाणिक सल्ला असे. आज अशा दहापैकी सुमारे नऊ रुग्णांचा अवयव वाचतो. हा पालट कोणत्या पुराव्याच्या आधारे घडला आणि तो पुरावा किती भक्कम होता, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

रोगाचे स्वरूप थोडक्यात स्पष्ट करणे आवश्यक आहे. सार्कोमा या संज्ञेच्या मुळाशी मांस या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. बहुतांश कर्करोग त्वचेच्या, श्लेष्मल आवरणाच्या किंवा ग्रंथींच्या पेशींत उद्भवतात. सार्कोमा मात्र स्नायू, मेद, तंतुमय ऊती, रक्तवाहिन्या यांसारख्या आधारभूत ऊतींतून निर्माण होतो. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत मृदू ऊतींच्या सार्कोमाचे प्रमाण जेमतेम एक टक्का भरते, आणि त्यातही पन्नासहून अधिक उपप्रकार आहेत. एखादा शल्यविशारद उभ्या कारकिर्दीत एकाच उपप्रकाराचे मोजकेच रुग्ण पाहतो. ही दुर्मीळता केवळ पार्श्वभूमी नव्हे. या क्षेत्रातील पुरावा पुढे ज्या रूपात उभा राहिला, ते रूप प्रामुख्याने तिनेच ठरविले.

गाठीचे आणखी एक वैशिष्ट्य शल्यविशारदांना दीर्घकाळ चकवीत राहिले. सार्कोमाची गाठ वाढताना भोवतालच्या ऊतींना दाबत जाते आणि त्या दबलेल्या ऊतींचे एक आवरण तिच्याभोवती तयार होते. शेंगेतून दाणा काढावा तशी ती त्या आवरणातून अलगद निघते. शल्यविशारद समाधानाने जखम शिवतो, पण आवरणात आणि त्यापलीकडे रोगाचे सूक्ष्म अंश राहिलेले असतात, आणि काही महिन्यांत गाठ त्याच जागी पुन्हा दिसू लागते. अशा मर्यादित शस्त्रक्रियेनंतर निम्म्याहून अधिक रुग्णांत रोग परत येई. म्हणूनच पुढच्या पिढ्यांनी सुरीची रेषा गाठीपासून दूर सरकवीत नेली, प्रथम संपूर्ण स्नायूपर्यंत आणि शेवटी वरच्या सांध्यापर्यंत.

किरणांना दाद न देणारा रोग

इ. स. १८९० मध्ये न्यूयॉर्क येथील विल्यम कोली या तरुण शल्यविशारदाकडे बेसी डॅशिएल ही सतरा वर्षांची मुलगी हाताचे दुखणे घेऊन आली. निदान सार्कोमाचे झाले. कोलीने तिचा हात कोपराखाली कापला, तरी रोग शरीरभर पसरला आणि १८९१ च्या जानेवारीत तिचा मृत्यू झाला. कोलीने पुढे जिवाणूजन्य विषांचा जो प्रयोग केला तो सर्वपरिचित आहे आणि रोगप्रतिकारशास्त्राच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान मिळाले आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्या मृत्यूतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. अवयव वेळेवर कापूनही रुग्ण दगावला होता. सार्कोमाचा रुग्ण बहुधा मूळ गाठीने मरत नाही. रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचलेल्या रोगाने त्याचा मृत्यू होतो, आणि तो रोग पाय कापण्यापूर्वीच तेथे पोहोचला असेल तर पाय कापल्याने तो माघारी फिरत नाही. ही जाणीव तेव्हाही होती, परंतु उपचाराच्या धोरणात ती उतरण्यास आणखी ऐंशी-नव्वद वर्षे जावी लागली.

रंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरणांचा शोध लावला आणि १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियमचा शोध जाहीर केला. शोधानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच क्ष-किरण उपचारासाठी वापरले जाऊ लागले होते. स्वतः कोलीने १९०२ मध्ये सार्कोमाच्या विविध प्रकारांवर क्ष-किरणांचा काय परिणाम होतो, याविषयी एक लेख प्रसिद्ध केला. या आरंभीच्या काळात गाठ डोळ्यांदेखत लहान होणे हेच फलित मानले जाई. काही गाठी खरोखर आक्रसल्या, पण पुढील अनुभवात त्यांपैकी पुष्कळ परतल्या.

याच न्यूयॉर्कमधील विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये हाडाच्या एका विशिष्ट अर्बुदाचे वर्णन केले. ते आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. हे अर्बुद किरणांपुढे झपाट्याने वितळते आणि युइंगना ते इतर अस्थि-सार्कोमांहून वेगळे वाटण्याचे तेही एक कारण होते. किरणांना मिळणारा प्रतिसाद अशा रीतीने रोगांच्या वर्गीकरणाचे साधन बनला. जे वितळते ते संवेदनशील आणि जे वितळत नाही ते किरणरोधी, अशी दुहेरी विभागणी रूढ झाली. तंतुमय ऊतींचे आणि मेदाचे बहुतेक सार्कोमा दुसऱ्या वर्गात ढकलले गेले. या वर्गीकरणात एक मूलभूत चूक होती. सार्कोमाच्या गाठीत पेशींखेरीज बरेच आंतरपेशीय द्रव्य असते. पेशी मेल्या तरी हे द्रव्य लगेच नाहीसे होत नाही, शिवाय मृत पेशींचा निचराही सावकाश होतो. त्यामुळे गाठीचा आकार महिनोन्महिने तसाच राहू शकतो. गाठ लहान न होणे म्हणजे किरण निष्फळ ठरणे नव्हे, हे ध्यानात यायला अर्धशतक जावे लागले. एखाद्या रोगाला एकदा चिकटलेले विशेषण पुढच्या पिढ्यांच्या निरीक्षणालाच कसे बांधून टाकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अर्थात दोष केवळ कल्पनेचा नव्हता, साधनेही अपुरी होती. दोनेकशे किलोव्होल्टच्या क्ष-किरण यंत्रातून निघालेल्या किरणांची सर्वाधिक मात्रा त्वचेवरच पडत असे. मांडीच्या खोल भागातील गाठीपर्यंत पुरेशी मात्रा पोहोचण्याआधीच कातडी भाजून निघे. त्या ऊर्जेचे किरण हाडातही अधिक शोषले जात. ही मर्यादा खऱ्या अर्थाने ओलांडली गेली ती १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० चे उपचार सुरू झाले तेव्हा, आणि त्या पाठोपाठ रेषीय त्वरक यंत्रे आली तेव्हा. या अधिक ऊर्जेच्या किरणांची महत्तम मात्रा त्वचेखाली पडते, त्यामुळे खोलवरच्या गाठीला दुप्पट-तिप्पट धैर्याने मात्रा देता येऊ लागली.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर रुग्णालयातील सर स्टॅनफर्ड केड हे या संक्रमणकाळातील महत्त्वाचे नाव होय. सेंट पीटर्सबर्ग येथे जन्मलेले आणि पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत इंग्लंडला पोहोचलेले केड हे शल्यविशारद होते आणि रेडियमचे जाणकारही. दोन्ही विद्या एकाच माणसाच्या हाती असल्यामुळे त्यांच्या लेखी सुरी आणि किरण हे प्रतिस्पर्धी नव्हते. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मृदू ऊतींच्या अर्बुदांवरील आपल्या दीर्घ निबंधात त्यांनी हे रोग सरसकट किरणरोधी असल्याचा समज मान्य केला नाही. त्याच शहरातील मिडलसेक्स रुग्णालयात ब्रायन विंडेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये मृदू ऊतींच्या तंतुसार्कोमाचे आपले अनुभव मांडले. पुरेशी मात्रा दिल्यास हा रोग दीर्घकाळ आटोक्यात राहू शकतो, असे त्यांतून दिसले.

मात्र निर्णायक कल्पना पुढे आली ती अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात. तेथे गिल्बर्ट फ्लेचर यांनी अन्य कर्करोगांच्या अनुभवावरून एक सूत्र मांडले होते. डोळ्यांना दिसणारी गाठ नष्ट करायला जी मात्रा लागते, तिच्यापेक्षा कितीतरी कमी मात्रा सूक्ष्म, अदृश्य अवशेष नष्ट करण्यास पुरते. सूत्र साधेच होते, पण सार्कोमाला ते लागू करताच साऱ्या मांडणीचे तोंड फिरले. किरणांनी गाठ वितळवायची नव्हतीच. गाठ सुरीने काढायची, आणि सुरी जिथे थांबते तिथून पुढे उरलेले अंश किरणांनी निपटायचे. ज्या अंशांच्या भयाने पाय कापला जात होता, तेच अंश आता किरणांचे लक्ष्य झाले. हर्मन सूट यांनी आणि पुढे रॉबर्ट लिंडबर्ग यांनी ह्यूस्टनमध्ये या धोरणाने रुग्णांवर उपचार केले. १९८१ मध्ये लिंडबर्ग आणि सहकाऱ्यांनी ३०० प्रौढ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मर्यादित शस्त्रक्रिया आणि त्यानंतर किरणोपचार घेतलेल्या या रुग्णांपैकी सुमारे २२ टक्क्यांत रोग मूळ जागी परतला. केवळ गाठ काढण्याच्या जुन्या पद्धतीच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होती. पण अंगविच्छेदाच्या समर्थकांना एक प्रश्न विचारण्याची सोय उरलीच होती. ह्यूस्टनच्या रुग्णांना तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

सत्तावीस आणि सोळा

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे धाडस बेथेस्डा येथील अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने केले. स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली मे १९७५ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत हातापायांचा उच्च श्रेणीचा सार्कोमा असलेल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक विभागणी करण्यात आली. एका गटाचा अवयव गाठीच्या वरच्या सांध्यापाशी किंवा त्याहून वर कापायचा. दुसऱ्या गटाची केवळ गाठ काढून संपूर्ण क्षेत्राला ५,००० रॅड आणि गाठीच्या मूळ जागेला ६,००० ते ७,००० रॅडपर्यंत किरणोपचार द्यायचे. दोन्ही गटांना रसायनोपचार समान होता.

पाय राहणार की जाणार, याचा निर्णय दैवाधीन सोपविण्यास रुग्णांनी संमती द्यावी, ही घटना आजच्या वाचकाला अस्वस्थ करणारी आहे. परंतु त्या काळाच्या वैद्यकीय ज्ञानाच्या चौकटीत तिला नैतिक आधार होता. पाय राखणे म्हणजे जिवाशी खेळ, असे तज्ज्ञांचा एक मोठा वर्ग मनापासून मानत होता. पाय कापणे ही अनाठायी क्रूरता आहे, अशी दुसऱ्या वर्गाची धारणा होती. दोन्ही बाजूंचा विश्वास खरा आणि पुरावा अपुरा असेल, तेव्हाच अशा चाचणीला जागा असते. विभागणी समसमान न ठेवता एका अंगविच्छेदामागे दोन अंगरक्षण असे प्रमाण ठेवले गेले, यातही संशोधकांचा कल कोठे होता हे जाणवते.

एप्रिल १९८१ पर्यंतच्या सहा वर्षांत एका राष्ट्रीय संस्थेला या चाचणीसाठी अवघे ४३ रुग्ण मिळाले, म्हणजे वर्षाकाठी सात. त्यांपैकी २७ जणांचा अवयव राखला गेला आणि १६ जणांचा कापला गेला. १९८२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अवयव राखलेल्या २७ पैकी चौघांत रोग मूळ जागी परतला, कापलेल्या १६ पैकी एकातही नाही. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचे प्रमाण अंगरक्षणाच्या गटात ७१ टक्के, तर अंगविच्छेदाच्या गटात ७८ टक्के होते. एकूण जीवितांचे प्रमाण अनुक्रमे ८३ आणि ८८ टक्के होते. हे फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय नव्हते, आणि त्यावरून दोन्ही उपचार जगण्याच्या बाबतीत सारखेच आहेत असा अर्थ घेतला गेला.

हे आकडे पुन्हा एकदा बारकाईने पाहण्यासारखे आहेत. तिन्ही बाबतींत पारडे, किंचित का होईना, अंगविच्छेदाच्या बाजूने झुकलेले आहे. सोळांच्या गटात एक रुग्ण म्हणजे सव्वासहा टक्के, आणि सत्तावीसांच्या गटात एक रुग्ण म्हणजे पावणेचार टक्के. अशा गटांत पाच-सात टक्क्यांचा फरक खरा आहे की योगायोगाचा, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. फरक आढळला नाही, एवढेच म्हणता येते. फरक नाही असे म्हणता येत नाही. केवळ संख्याशास्त्राच्या निकषावर तोलले, तर शतकभराची प्रथा मोडण्याइतके बळ या चाचणीत नव्हते.

तरीही प्रथा मोडली, आणि फार वेगाने मोडली. डिसेंबर १९८४ मध्ये बेथेस्डा येथेच भरलेल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहमती-परिषदेने बहुसंख्य रुग्णांसाठी अंगरक्षक उपचारांची बाजू घेतली. त्यानंतर अशी चाचणी पुन्हा करणे नैतिक दृष्ट्या अशक्य झाले. म्हणून अंगविच्छेद आणि अंगरक्षण यांची यादृच्छिक तुलना करणारी ती एकमेव चाचणी राहिली आहे. एवढ्या तोकड्या पुराव्यावर वैद्यकविश्व का राजी झाले? याचे उत्तर चाचणीच्या बाहेर शोधावे लागते. ह्यूस्टनचे तीनशे रुग्ण समोर होते. रुग्ण फुप्फुसातील रोगाने मरतात, ही बेसी डॅशिएलच्या काळापासूनची जाणीव आता आकड्यांत उतरली होती. मूळ जागी रोग परतलेल्या रुग्णाचा अवयव तेव्हाही कापता येत होता, पण एकदा कापलेला अवयव परत मिळणार नव्हता. चाचणीने नवे सत्य सिद्ध केले, असे म्हणण्यापेक्षा अनेकांच्या मनात पिकत आलेल्या निर्णयाला तिने प्रतिष्ठा दिली, असे म्हणणे इतिहासाला अधिक धरून होईल.

वाचलेला पाय

या चाचणीला एक उपकथानक आहे आणि ते मुख्य कथानकाहून कमी मोलाचे नाही. १९८२ मध्येच पॉल शुगरबेकर आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत रोझेनबर्गही होते, चाचणीतील २६ रुग्णांच्या जीवनमानाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाय वाचलेल्यांचे जीवन पाय गमावलेल्यांपेक्षा चांगले असणार, असे गृहीत धरूनच अभ्यास सुरू झाला होता. हाती आले ते वेगळेच. दोन्ही गटांच्या जीवनमानात एकंदरीत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि काही बाबतींत, विशेषतः वावर आणि लैंगिक जीवन यांत, पाय गमावलेलेच बरे होते.

कारण किरणांच्या परिणामात होते. उच्च मात्रेने स्नायू आणि त्वचेखालील ऊती कालांतराने तंतुमय आणि ताठर होतात. सांधा आखडतो, लसिकेचा निचरा अडल्याने पायावर सूज राहते, हाड ठिसूळ होऊन मोडू शकते. कृत्रिम पाय लावलेला माणूस सहा महिन्यांत चालायला शिकत असे. राखलेला पाय मात्र काही रुग्णांच्या बाबतीत जड, दुखरे ओझे होऊन बसला होता. अवयव राखणे आणि अवयवाचे कार्य राखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या छोट्याशा अभ्यासाने उघडे पाडले. आपल्याच यशाला छेद देणारा हा निष्कर्ष त्याच संशोधकांनी त्याच वर्षी छापला, याची नोंद घेतली पाहिजे. किरणोपचाराच्या आखणीत त्यानंतर जे बदल रूढ झाले त्यांचे स्वरूप याच तक्रारींनी ठरविले. अवयवाचा संपूर्ण घेर किरणांखाली न आणता लसिकेच्या निचऱ्यासाठी एका बाजूची पट्टी मोकळी ठेवणे, शक्य तेथे सांधा वगळणे आणि पहिल्या दिवसापासून व्यायाम करून घेणे हे नियम पुढे सर्वत्र पाळले जाऊ लागले.

पाय राखायचा हे ठरल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न आला. शस्त्रक्रिया सुधारली आहे, तर किरणांची गरज आहे का? राष्ट्रीय कर्करोग संस्थेनेच १९८३ ते १९९१ या काळात १४१ रुग्णांची दुसरी चाचणी केली. तिचे दीर्घकालीन निष्कर्ष १९९८ मध्ये जेम्स यांग आणि सहकाऱ्यांनी मांडले. किरणोपचार घेतलेल्यांत मूळ जागी रोग परतण्याचे प्रमाण फार कमी झाले, आणि आयुर्मर्यादेत मात्र फरक पडला नाही. किरणांमुळे अवयवाची ताकद आणि हालचाल घटली आणि सूज वाढली, पण ही हानी पुष्कळदा तात्पुरती ठरली आणि दैनंदिन व्यवहारांवर तिचा फारसा परिणाम आढळला नाही. सोळा वर्षांपूर्वीच्या त्या अप्रिय निष्कर्षाच्या पार्श्वभूमीवर ही नोंद आश्वासक होती. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळीच जखमेत पोकळ नळ्या ठेवून काही दिवसांनी त्यांत इरिडियम-१९२ भरण्याच्या, म्हणजे निकट किरणोपचाराच्या, पद्धतीची १६४ रुग्णांवर चाचणी झाली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर स्थानिक नियंत्रण किरणोपचाराने ८२ टक्के आणि त्याविना ६९ टक्के होते. लाभ उच्च श्रेणीच्या गाठींपुरताच होता. आयुर्मर्यादेत येथेही फरक नव्हता.

कॅनडातील चाचणीने पुढचा प्रश्न हाती घेतला : किरण शस्त्रक्रियेपूर्वी द्यावेत की नंतर? ब्रायन ओ'सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९९४ ते १९९७ या काळात १९० रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली. शस्त्रक्रियेपूर्वी ५० ग्रे मात्रा पुरते, नंतर द्यायची तर ६६ ग्रे लागते आणि क्षेत्रही मोठे घ्यावे लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आधी किरण घेतलेल्यांपैकी ३५ टक्क्यांच्या जखमा नीट भरल्या नाहीत, नंतर घेतलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या अहवालात चित्र उलटे दिसले. दोन वर्षांनंतर ऊती ताठरण्याचे प्रमाण नंतर किरण घेतलेल्यांत सुमारे ४८ टक्के, तर आधी घेतलेल्यांत सुमारे ३२ टक्के होते. चिघळलेली जखम काही महिन्यांत भरते, ताठरलेला पाय जन्माचा राहतो. अनेक केंद्रांनी शस्त्रक्रियेपूर्व किरणोपचार स्वीकारला तो हा हिशेब करून.

मुंबईतील अनुभव

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आलेले टाटा स्मारक रुग्णालय हे या रोगाच्या रुग्णांचे भारतातील एक प्रमुख केंद्र आहे. पाश्चात्त्य चाचण्यांत मात्रेचा आकडा असतो, पण ती घेण्यासाठी रुग्ण कोठे राहिला हा आकडा नसतो. बाह्य किरणोपचाराच्या ५० ग्रे मात्रेला पाच आठवडे लागतात आणि ६६ ग्रेला साडेसहा. जळगाव, नांदेड किंवा बिहारमधील एखाद्या गावाहून आलेल्या कुटुंबासाठी हे साडेसहा आठवडे म्हणजे बुडालेली मजुरी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी जागा मिळेपर्यंतची फुटपाथवरची प्रतीक्षा होय. निकट किरणोपचाराची मात्रा मात्र चार-सहा दिवसांत पुरी होते. जखम सांधू लागावी म्हणून शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवसापर्यंत थांबून मगच नळ्यांत किरणोत्सारी स्रोत भरतात, आणि रुग्ण बहुधा एकाच मुक्कामात उपचार आटोपून घरी जातो. या रुग्णालयातील किरणोपचारतज्ज्ञांनी २००७ मध्ये अशा १५५ प्रौढ रुग्णांचे दीर्घकालीन निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका दुर्मीळ रोगाबाबत, एका पद्धतीने, एका केंद्रात झालेला हा संचय जागतिक तुलनेतही लहान नाही. बेथेस्डाच्या ४३ रुग्णांशेजारी ठेवला म्हणजे त्याचे आकारमान ध्यानात येते, जरी तुलनेचा दुसरा गट येथे नव्हता.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि ती किरणांच्या कक्षेबाहेरची आहे. न दुखणारी गाठ ही साधी चरबीची गाठ समजून स्थानिक पातळीवर काढली जाते. तपासणीसाठी ती पाठविली जातेच असे नाही, आणि सार्कोमाचे निदान होते ते ती परतल्यावर. शेंगेतून दाणा काढण्याची जुनी चूक अशा रीतीने चालूच राहते, आणि तिच्यानंतर किरणोपचाराचे क्षेत्र अधिक मोठे घ्यावे लागते.

मात्रा कमी करण्याचा काळ

किरणांचे फलित सर्वत्र सारखे नाही, हे अलीकडच्या दोन चाचण्यांनी दाखविले आहे. उदराच्या पश्चभागात, मूत्रपिंड आणि आतडी यांच्या सान्निध्यात होणाऱ्या सार्कोमात शस्त्रक्रियेपूर्वी किरण दिल्यास रोग उदरात परतणार नाही, अशी अपेक्षा होती. तेरा देशांतील २६६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष सिल्वी बोन्व्हालो आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडले. उदरातील रोग परतल्याविना जगण्याचा मध्यक काळ किरणोपचारासह ४.५ वर्षे आणि केवळ शस्त्रक्रियेने ५ वर्षे भरला. किरणोपचाराने काही साधले नव्हते. पायाच्या सार्कोमात जे सूत्र साठ वर्षे खरे ठरले ते उदरात चालले नाही. याला एक कारण असेही देता येईल की उदरात राखण्यासारखा पाय नसतो. तेथे किरणांकडून थेट रोगावर मात करण्याची अपेक्षा होती आणि ती त्यांनी हातापायांतही आयुष्याच्या मापाने कधी पुरी केलेली नाही.

कमी मात्रेचा आग्रह धरण्यास आणखी एक कारण इतिहासाने पुरविले होते. किरणांनी उपचार केलेल्या जागीच वर्षांनंतर नवा सार्कोमा उद्भवू शकतो, हे १९४८ मध्ये विल्यम कॅहन आणि सहकाऱ्यांनी अकरा रुग्णांच्या आधारे दाखविले. त्यांच्या सहकाऱ्यांत ब्रॅडली कोली होते, म्हणजे बेसी डॅशिएलवर उपचार करणाऱ्या विल्यम कोलीचे चिरंजीव. ही घटना विरळ आहे, पण रुग्ण जितका तरुण आणि आयुष्य जितके दीर्घ, तितका तिचा अवधी वाढतो.

मेदपेशींच्या सार्कोमाचा श्लेषाभ नावाचा एक उपप्रकार किरणांना विशेष दाद देतो. नेदरलँड्सच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ७९ रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या ५० ऐवजी केवळ ३६ ग्रे मात्रा, पंचवीसऐवजी अठरा दिवसांत, देण्यात आली. पाठपुराव्याच्या काळात एकाही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात रोग मूळ जागी परतला नाही. तुलनेचा गट येथेही नव्हता, आणि रुग्णांची संख्या पुन्हा शंभराच्या आत होती. पाठपुराव्याचा मध्यक काळ पंचवीस महिन्यांचा होता. हा उपप्रकार पाच-सात वर्षांनीही परतू शकतो.